आकाशपाळणा कुठल्या देवाचा?

दरवर्षी आषाढी जवळ आली की आमच्या प्रार्थनागटाच्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज येतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. शाळेत बालदिंडी निघणार आहे, विश्वासी पालकांनी त्या दिवशी लेकरं घरी ठेवावीत. मग यादी सुरू होते. संक्रांतीचा तिळगूळ नको. रंगपंचमी नको. गणपतीपुढचा नाच नको, दहीहंडी नको, दिवाळीत मातीचा किल्ला नको. जत्रा नको. आकाशपाळणा नको, कारण तो जत्रेत असतो. टीव्हीवरचा छोटा भीम नको, कारण त्यात मधूनच कृष्ण येतो. मेसेजखाली 'आमेन' लिहिणाऱ्यांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तीन-चार पोरं गैरहजर असतात.

आकाशपाळणा कुठल्या देवाचा, असं मी गटावर एकदा विचारलं. उत्तर आलं नाही. पास्टरांचा फोन आला, तोही मला नाही, माझ्या नवऱ्याला.

म्हणून इथं सविस्तर लिहिते. मी घाटनांदूरची. परळी आणि लातूर रोडच्या मधलं हे रेल्वेचं गाव. आमची मंडळी म्हणजे कुणाच्या तरी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून बसणारी आठ-दहा घरं. मोठ्या चर्चला जायचं तर रेल्वे नाहीतर एसटी धरावी लागते. मला सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. दोघांना मी रोज रात्री प्रार्थना करून झोपवते, येशूच्या गोष्टी सांगते, रविवार चुकवत नाही. हे आधीच सांगते, कारण प्रश्न विचारणाऱ्या बाईला 'तुझा विश्वासच थंड पडलाय' असं ऐकवायची पद्धत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेकरांच्या करमणुकीत सैतान शोधत बसणं हे मराठी ख्रिस्ती माणसाचं वळण नव्हतं. ते मोबाईलमधून आलंय, फार अलीकडे आलंय, आणि ते आपल्या पोरांना एकाच वेळी गावापासून आणि येशूपासूनही तोडतंय.

आधी त्या यादीबद्दल. अशी यादी नवी नाही. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशननं एक हुकूमनामा काढला होता. ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात ओव्या म्हणू नयेत, अंगाला हळद लावू नये, विडे आणि फुलं वाटू नयेत, दारात तुळस लावू नये, बिनमिठाचा भात शिजवू नये. हो, भातातल्या मिठापर्यंत. त्या यादीमागं तुरुंग होता. आमच्या यादीमागं 'मंडळीत काय म्हणतील' एवढीच धास्ती आहे, पण यादी करणाऱ्याचं डोकं तेच: दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वाकून बघणारं. आणि गंमत अशी की त्याच गोव्यात, त्याच्या एकशेवीस वर्षं आधी, १६१६ मध्ये फादर स्टीफन्सनं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं होतं. ओवीत तारणाची कथा सांगणारा पाद्री आणि ओवीला बंदी घालणारं न्यायपीठ, दोन्ही आपल्याच घरातले. कुणाचं नातवंड व्हायचं ते आपण ठरवायचं. हुकूमनामा काढणारे गेले. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नारळाच्या रसानं नवरा-नवरीला न्हाऊ घालणं चालूच राहिलं, आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांत आजही लग्नाआधी वाजतगाजत उंबराचं पाणी आणतात. ते काही कमी ख्रिस्ती झाले नाहीत.

आमच्याकडं कुणी म्हणेल, ते कॅथलिक, आपण वेगळे. बरं. मग आपल्या बाजूचं बघू. आमच्या भागातल्या कितीतरी जुन्या प्रॉटेस्टंट घरांचा धागा नगरच्या अमेरिकन मराठी मिशनपर्यंत जातो. हे मिशनरी बोस्टनच्या संस्थेनं पाठवलेले. १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये नगरला गेले. त्यांच्या त्या मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं होतं माहीत आहे? १६५९ साली नाताळ साजरा करण्यावरच बंदी आली. जो पाळेल त्याला पाच शिलिंग दंड. ही बंदी १६८१ पर्यंत टिकली. इंग्लंडच्या संसदेनं तर १६४७ मध्येच नाताळ रद्द करून टाकला होता. कारण? बायबलात त्याची आज्ञा नाही, आणि त्यात खाणं-पिणं-नाचणं फार. म्हणजे आज यादी करणाऱ्यांचे खरे पूर्वज नाताळलाच सैतानाचा सण म्हणत होते, आणि आज आपण त्याच नाताळाच्या चांदण्या दारात टांगून बाकीच्यांचे सण मोजतो.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. अशा कडक परंपरेतून आलेल्या लोकांच्या मिशनमध्ये, नगरमध्ये, टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णा रत्नाजी सांगळ्यांसारखे कवी पुढं आले. नंतर नारायण वामन टिळक आले, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, आणि त्यांनी अभंगात, भजनात, कीर्तनात येशू आणला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. टिळकांना आपण पोस्टरवर ठेवतो, त्यांची भजनं 'उपासना संगीत' उघडून म्हणतो आणि त्याच तोंडानं पोरीला टाळ हातात घेऊ देत नाही. ज्या पुलावरून आजोबा आले तो पूल नातवासाठी पाडायचा, असला हा प्रकार. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आमच्या पास्टरांनी एकदा वाचावीत अशी फार इच्छा आहे. धर्म बदलण्याइतकी गंभीर गोष्ट, आणि त्या बाईनं ती सांगताना पानोपानी हसवलंय. विश्वास ठेवणारं माणूस हसतं, रुसतं, फजिती सांगतं, हे त्या पुस्तकाइतकं मला कुठल्याच प्रवचनानं शिकवलेलं नाही.

बायबलातूनच बोला म्हणता? बोलू. समुद्र ओलांडल्यावर मिर्यामनं हातात डफ घेतला आणि सगळ्या बाया तिच्यामागं नाचत निघाल्या. कराराच्या कोशापुढं दावीद राजा देहभान विसरून नाचला, आणि खिडकीतून त्याला बघून नाक मुरडणारी मीखल होती. त्या गोष्टीत देव कुणाच्या बाजूनं आहे ते लेकरालाही कळतं. येशूचा पहिला चमत्कार लग्नघरातला आहे. आणि उधळ्या पुत्राच्या गोष्टीत शेवटी घरात वाजंत्री आणि नाच चालू असतो, तो ऐकून एकटा थोरला भाऊ आत यायला नकार देतो. रागावून अंगणात उभा असलेला तो मुलगा घरातला सगळ्यात आज्ञाधारक, सगळ्यात धार्मिक माणूस आहे. आमच्या गटातले मेसेज वाचताना मला कायम तोच दिसतो.

पास्टरांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्यातली कित्येक घरं पहिल्या पिढीची आहेत. देवऋषी, अंगात येणं, भानामतीचा संशय, कंदुरीसाठी कर्ज काढून कापलेलं बकरं, दारू, यातून ती बाहेर आली. अशा माणसाला हलगीचा ठेका ऐकला की नुसती गंमत आठवत नाही, बापाची मार आठवते. पौलानं म्हटलंय की माझ्या खाण्यानं दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर मी तो घास सोडीन. मी पण सोडीन. असा माणूस आमच्या घरी प्रार्थनेला आला तर मी ढोलकी आत ठेवते, त्यात मला कमीपणा नाही. पण घास सोडणं ही प्रेमाची गोष्ट आहे, आणि दुर्बळ भावाच्या नावानं सगळ्या मंडळीला कायदा लावणं ही सत्तेची. त्याच पौलानं हेही सांगितलंय की परक्याच्या घरी जेवायला बसलात तर पुढं येईल ते खा, चौकशा करत बसू नका. हे वचन मी अजून एकाही रविवारी ऐकलेलं नाही.

हलगीचं आणखी एक आहे. आमच्यातल्या मातंग घरांनी हलगी, सनई सोडली त्याला धर्माच्याही आधीचं कारण होतं. गावानं बोलावलं की वाजवायला जायचं, दाराबाहेर उभं राहायचं, उरलंसुरलं घेऊन यायचं. हे वाजवणं ज्यांनी झुगारलं त्यांना माझा सलाम आहे. पण त्या वाद्यात गुलामी होती असं म्हणणं वेगळं आणि त्या वाद्यात सैतान आहे असं म्हणणं वेगळं. पहिल्यात माणूस ताठ उभा राहतो, दुसऱ्यात आपल्याच आज्याच्या हातांची त्याला लाज वाटायला लागते. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठ्यांची जयंती असते. त्या मिरवणुकीत लेकरांना नेऊ नका, ती माणसाची पूजा आहे, असंही आता सांगितलं जातं. ज्यानं पोवाडे आणि लावण्यांतून कष्टकऱ्याला उभं केलं त्याच्या नावानं पोरं दोन तास नाचली तर स्वर्गाचं दार बंद होतं? डीजेचा आवाज कमी करा म्हणा, मी तुमच्याबरोबर सही करते.

आता आमचा दिवस कसा जातो ते ऐका, म्हणजे ही यादी कुणाच्या डोक्यावर बसते ते कळेल. सकाळी पाणी आलं तर ते भरायचं, डबे, शाळा. नवरा परळीला कामाला, तो अंधार पडल्यावर येतो. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी दोन पोरं दोन पायांना लोंबकळत असतात. गावात सिनेमाचं थिएटर नाही, बाग नाही. करमणूक म्हणजे गल्ली, शाळेचं स्नेहसंमेलन, सण, वर्षातून एखादी जत्रा, अंबाजोगाईची नाहीतर परळीची. हे सगळं यादीनं काढून घेतलं की उरतं काय? मोबाईल. आणि मोबाईल काही रिकामा नसतो. त्यात पंजाबकडचे पास्टर हिंदीत ओरडत असतात, मागं कीबोर्ड, रंगीत दिवे, धूर, कुबड्या फेकून पळणारी माणसं, आणि व्हिडिओच्या तोंडावर लाल अक्षरांत भीती. हे बघा आणि जत्रा बघू नका! करमणूक पाप आहे असं सांगणारे आजच्या घडीला आमच्याकडचे सगळ्यात मोठे करमणूकदार आहेत, आणि त्यांचा खेळ काही फुकट नाही. खाली खातं नंबर असतो.

याचा परिणाम मी घरातल्या शब्दांवर मोजते. माझ्या सासूबाई 'येशू ख्रिस्त' म्हणतात. त्यांना लिहिता येत नाही, पण टिळकांची भजनं पाठ आहेत आणि टाळ त्या झोपेतही बरोबर वाजवतील. शेजारची, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी 'यीशु मसीह' म्हणते. मराठीत प्रार्थना कर म्हटलं तर अडखळते. तिच्या आजीची भाषा तिच्या देवाला येत नाही, असं तिला वाटत असावं. लहानपणी आमच्या वस्तीत पांढऱ्या चादरीवर 'दयासागर' दाखवायचे, १९७८ च्या 'करुणामयुडू' या तेलुगू सिनेमाचं हिंदी रूप. तोही हिंदीच होता, कबूल. पण ते बघायला सगळी वस्ती यायची, हिंदू, बौद्ध, मुसलमान, सगळी, आणि खिळे ठोकायच्या वेळी सगळ्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. आता तो सिनेमा दहा मोबाईलवर दहा कोपऱ्यांत चालतो आणि प्रत्येकाच्या कानात वायर असते.

या सगळ्याखाली एक गोष्ट आहे जी कुणी मोठ्यानं बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये धर्माची ही अट काढा म्हणून सांगितलं, तो अहवाल पडून आहे. मग मराठवाड्यातल्या गावागावांत काय होतं? रविवारी एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. येशू मानला म्हणून उंबऱ्याबाहेरची जात काही पुसली गेली नाही, पण सवलत मात्र पुसली जाईल, या भीतीनं आईबाप गप्प राहतात. त्यांना खोटारडे म्हणायची माझी हिंमत नाही. असा पेच घालणाऱ्या कायद्याला म्हणते. पण लेकराच्या बाजूनं बघा. 'बाहेर सांगायचं नाही' हे ते चौथ्या-पाचव्या वर्षी शिकतं. आणि त्याच लेकराला आपण आता दुसरं गुपित देतो: शाळेत तिळगूळ खाल्लास तर घरी सांगू नकोस. दिंडीत नाचलीस तर पास्टरकाकांना कळू देऊ नकोस. शाळेत देव लपवायचा आणि देवापासून शाळा लपवायची. असं वाढलेलं पोर मोठं झाल्यावर कशावर विश्वास ठेवेल, सांगा बरं.

माझी रेघ कुठं आहे ते सांगून टाकते, म्हणजे 'हिला सगळंच चालतं' असं व्हायला नको. माझी मुलगी आरतीला हात जोडत नाही, आणि का ते तिला ठाऊक आहे. कुणी जबरदस्तीनं जोडायला लावले तर मी शाळेत जाऊन भांडेन. राज्यघटनेचं २८ वं कलम माझ्या बाजूला आहे. पण ती फुगडी खेळते. टाळ वाजवते. तिळगूळ खाते आणि वाटतेही. किल्ला करते, त्यावर मावळे मांडते. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांनी कापडावर लिहिलेली ती प्रचंड पासोडी आहे. ते सगळं ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ती 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणते. हा वारसा तिचा आहे, आणि तो तिला घेऊ नको म्हणायचा अधिकार मला तरी कुणी दिलेला दिसत नाही.

येळवस आता आठवड्यावर आलीय. वेळ अमावस्या म्हणतात पुस्तकात. लातूर-धाराशिवकडं आणि आमच्या या पट्ट्यात त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची खोप, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. शेत नसलेल्यालाही बोलावणं असतं, हे महत्त्वाचं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना शेत नाही. वर्षभर ज्याच्या बांधाला जाताना आवाज खाली ठेवावा लागतो, तो माणूस त्या दिवशी 'या जेवायला' म्हणतो. पास्टर म्हणतात, पांडवांचा नैवेद्य. मी म्हणते, पूजा त्यांची त्यांनी केली, पंगतीत आम्ही बसलो, आणि जेवायच्या आधी मनात आभार मानले ते आमच्या बापाचे. येशूवर सगळ्यात जास्त आरोप कशाचा होता? हा कुणाच्याही घरी जेवतो याचा.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनी हे वाचून खूश व्हायचं काही कारण नाही. 'बघा, त्यांचीच बाई सांगतेय, हे लोक वेगळे पडतात' म्हणणाऱ्यांना मी ओळखते. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला साहित्य संमेलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. वसईचा माणूस, 'सुबोध बायबल' लिहिलेला, आयुष्यभर मराठीत लिहिलेला. तरी निवड जाहीर झाल्याबरोबर पाद्र्याचा मराठीशी संबंध काय, असं विचारणारे आणि फोनवर धमक्या देणारे निघालेच. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती जेमतेम एक टक्का, आणि तेवढ्यांनी म्हणे संस्कृती धोक्यात आली. दिंडीत माझी पोरगी नाचली म्हणून हे लोक मला आपलं म्हणणार नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे. त्यांच्या दाखल्यासाठी मी तिला नाचवत नाहीच. पण आमचे यादीवाले आणि हे धमकीवाले एका गोष्टीवर अगदी एकमत आहेत: ख्रिस्ती माणसाचा टाळाशी, ओवीशी, आंबिलीशी काही संबंध नाही. इतकं एकमत बघून तरी पास्टरांनी थोडं दचकायला हवं होतं.

येत्या रविवारी नाताळच्या कार्यक्रमाची बैठक आहे. निम्मी घरं ऊसतोडीला गेलीत. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळं नाताळ कारखान्यावरच्या कोपीत; पोरांनी तिथं बांबूला कागदाची चांदणी बांधल्याचा फोटो आलाय. राहिलेल्या आम्हा बायकांचं ठरलंय की यंदा स्पीकरवरची हिंदी गाणी बंद. सासूबाई टाळ धरणार, पोरं फेर धरून टिळकांची दोन भजनं म्हणणार, आणि येशूच्या जन्माची गोष्ट मुली भारुडासारखी करून दाखवणार. मेंढपाळ धनगरी घोंगडी घेऊन येतील. पास्टरांना बोलावणं गेलंय. ते येतो म्हणालेत, नाही म्हणालेले नाहीत. अडचण एवढीच आहे की ढोलकी वाजवणारा आमचा एकुलता एक माणूस टोळीबरोबर गेलाय, आणि तो मार्चच्या आत काही येत नाही.